पुढची सीट

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझं वय ३९. माहेर बडोद्याचं. मे महिन्यात लग्न होऊन इंदूरला, राजेंद्रनगरला आले. दोघांचंही हे दुसरं लग्न. यजमानांची पहिली पत्नी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. उलट बोलत नाही, त्रास देत नाही. पण माझ्याशी बोलायची वेळ आली की 'काकू, तुम्ही' असं, बँकेतल्या कॅशियरशी बोलावं तसं बोलतो.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून महेश्वर आणि मांडूला गाडीनं जायचं मीच ठरवलं. म्हटलं, दोन दिवस तिघं एकत्र राहिलो की जरा जवळीक होईल. पहाटे साडेपाचला खाली उतरले तर हा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेला. यजमान म्हणाले, 'मावशीला पुढे बसू दे, तू मागे जा.' गेला, पण दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी उघडून पाहिलं. कोपऱ्यावर पोहे-जिलबी खाल्ली. मी सहज म्हटलं, आमच्या बडोद्याला सकाळी सेव-उसळ खातात. तर म्हणाला, 'हे इंदूर आहे.' महूला रस्ता चुकतोय का विचारलं तर छातीठोकपणे 'डावीकडे' म्हणाला. छावणीच्या गल्ल्यांतून फिरून चाळीस मिनिटांनी आम्ही पुन्हा त्याच चौकात. हा खिडकीबाहेर बघून हसतोय. जाम घाटात 'तुझ्याकडे पिशवी आहे का' एवढंच म्हणाला. मला पर्स उघडायलाही वेळ मिळाला नाही, मी मागे वळून ओढणी पुढे केली. नवी माहेश्वरी ओढणी होती. महेश्वरच्या घाटावर तिघांचा फोटो काढायचा होता. आमच्या हॉलमध्ये हे, त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा या तिघांचा तिथलाच जुना फोटो आहे, म्हणून त्याच पायरीवर एक नवा असावा असं वाटलं. तो म्हणाला, मी काढतो तुमचा. २३ फोटो काढले. सगळ्यांत हे पूर्ण आणि माझा फक्त कोपर. मांडूला इको पॉइंटवर सगळी मुलं आपापली नावं घेऊन ओरडत होती. हा ओरडला, 'घरी जायचंय!' आणि मांडूनं तेच परत ऐकवलं. लोक हसले. त्यात माझ्या हातून किल्ली आत राहून गाडीचं दार लागलं. मेकॅनिक येईपर्यंत दोन तास गेले. हा दगडावर मांडूची चिंच फोडत बसला होता, माझ्याकडे बघून पोट धरधरून हसला. परतताना मला रडू आवरलं नाही.

दिवाळीत बडोद्याला गाडीनंच जायचंय. सासूबाई म्हणतात, त्याला माझ्याजवळच राहू दे. माझंही मन आता धजत नाही. न्यावं का त्याला? आणि माझं चुकलं काय?"

ताई,

न्या त्याला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला जिवाला घोर न लावता वाचता येईल. दिवाळीला बाप आणि काकू गाडीत बसून निघून गेले आणि आपण आजीजवळ राहिलो, हे ११ वर्षांचा मुलगा विसरत नाही. आजीनं कितीही लाड केले, चकलीचा पहिला घाणा त्याच्या हातात दिला, तरी नाही. सासूबाई मायेनंच म्हणताहेत. त्यांना तेवढ्याच मायेनं सांगा की आम्ही तिघं जातो आणि पाडव्याला तिघं परत येतो.

आता सहलीकडे वळू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोठी गोष्ट पहाटे साडेपाचची वाटली. तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत. तो मुलगा तुमच्याआधी खाली उतरून, पट्टा लावून बसला होता. अंधारात, एकटा. आई गेल्यापासून तीन वर्षं बापाशेजारची ती सीट त्याची असणार. शाळेत जाताना, दवाखान्यात जाताना, आजीला आणायला जाताना. आज ती जागा जाणार हे त्याला रात्रीच कळलं होतं, म्हणून तो आधी जाऊन बसला. आणि ती गेलीच.

ध्रुवाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. पाच वर्षांचं पोर बापाच्या मांडीवर बसायला गेलं, सावत्र आईनं हाताला धरून उतरवलं, आणि ते रानात निघून गेलं. कीर्तनात सुरुचीच्या नावानं सगळे बोटं मोडतात. मला मात्र त्या गोष्टीत राग येतो तो उत्तानपादाचा. राजा तिथंच बसला होता. मांडी त्याची होती. तो एक शब्द बोलला नाही. तुमच्या यजमानांनी तर तोंडानं सांगितलं, मागे जा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, नव्या बायकोचा मान ठेवावा एवढंच होतं. पण मुलाच्या लेखी त्या सकाळी त्याला उतरवलं ते बापानं, आणि कारण तुम्ही. बापावर चिडायची त्याची हिंमत नाही, कारण आता एक बापच उरलाय. म्हणून महूची चाळीस मिनिटं, म्हणून तुमचा कोपर. हा सगळा राग पत्त्यावरून तुमच्याकडे आला, पण तो लिहिला होता दुसऱ्याच्या नावानं.

म्हणून बडोद्याला निघायच्या आधी यजमानांनी त्याच्याशी बोलावं. तुम्ही खोलीत नसताना. भाषण नको. 'त्या दिवशी मी तुला न विचारता मागे पाठवलं, ते बरं केलं नाही', एवढं वाक्य पुरे. बाप आपल्याला असं म्हणतो हे मुलाला क्वचित ऐकायला मिळतं.

मग पुढे कुणी बसायचं? इथं मला एक अडचण दिसते आणि ती लपवत नाही. १३ वर्षांखालच्या मुलानं मागेच बसावं, कारण पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या अंगलटीसाठी बनवलेली असते. तीन वर्षं तो पुढे बसत होता ते मुळात योग्य नव्हतं. पण हे कारण आता एकदम काढलंत तर त्याला ते तुमच्यासाठी शोधून काढलेलं वाटणार. तेव्हा तुम्हीही मागे बसा. दोघंही मागे, आणि पुढची सीट रिकामी. तिथं पाण्याच्या बाटल्या ठेवा, फराळाचा डबा ठेवा. यजमान म्हणतील, मी काय ड्रायव्हर आहे का? त्यांना म्हणावं, बडोद्यापर्यंत आहात. ती जागा तुम्ही घेतली नाहीत, हे त्याला साडेतीनशे किलोमीटर डोळ्यांसमोर दिसू दे. पट्टे तिघांनी लावायचे. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय नेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी नव्हे, जिवासाठी लावायचे.

उलटीचं एक सांगते, कारण तेही सीटशीच जोडलेलं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण वळतोय, आणि डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असले तर ते सांगतात की आपण जागच्या जागी आहोत. या ओढाताणीत पोट ढवळतं, आणि साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त. पुढे बसलं की समोरचा रस्ता दिसतो, म्हणून कमी होतो. तुमचा मुलगा नेहमी पुढे बसणारा, त्या दिवशी पहिल्यांदा मागे, वर जिलबी आणि शेवेचे तेलकट पोहे, आणि लगेच माळव्याचं पठार उतरून निमाडात जाणारी वळणं. कुणाचंही झालं असतं. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर त्याला तिथं बसवा, समोरची काच दिसते. नसेल तर खिडकीशी, आणि नजर लांबच्या डोंगरावर. निघताना हलकं खाणं, खिशात आलेपाक, दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे. तरी होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी.

फोटोचं बोलणं मला जड जातंय, पण बोलते. हॉलमधला तो फोटो बाप, आई आणि मुलगा यांचा. तुम्ही त्याला त्याच पायरीवर, त्याच्या आईच्या जागी उभं राहून दुसरा काढू म्हणालात. तुमच्या मनात होतं की घरात आपलाही एक फोटो असावा. त्याला दिसलं ते वेगळं. तो रडला नाही, पळाला नाही, कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला आणि ती पायरी राखली. २३ वेळा. मला त्या पोराचं कौतुक वाटतं आणि तुमच्यासाठी वाईटही वाटतं, दोन्ही एकदम. जुना फोटो जिथं आहे तिथंच असू दे. पुसायचा झाला तर तुम्ही पुसा, यजमानांनी किंवा बाईनं नव्हे.

माझे वडील मी नऊ वर्षांची असताना पुन्हा लग्न करून घरी आले. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहायचो. नवी आई स्वयंपाकघरात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मिसळणाचा डबा ओट्याच्या उजव्या बाजूला ठेवला, कारण तिचा हात तसा चालायचा. माझी आई डावीकडे ठेवायची. संध्याकाळी मी तो उचलून डावीकडे ठेवला. सकाळी तिचा हात उजवीकडे गेला, रिकामा आला, मग डावीकडे गेला. तिनं डबा तिथंच राहू दिला. दीड वर्ष तो डावीकडे होता. रोज फोडणीच्या वेळी तिचा हात आधी चुकीच्या बाजूला जायचा, मोहरी करपायची, आणि मी दारात उभी राहून बघायची. ती वळून माझ्याकडे कधी बघायची नाही. मग एक दिवस मीच म्हटलं, 'अगं, इकडे ठेव ना तुला हवा तर.' तिनं 'बरं' म्हटलं आणि चपाती लाटत राहिली. आजही तिच्याबद्दल कुणी विचारलं की मला ती चपाती लाटणारी पाठच आठवते. म्हणून जागेचं मला इतकं लागतं.

मावशी की काकू, यावरून घरात बोलणं झालं असेल तर ते थांबवा. मावशी म्हणजे आईची बहीण. ज्याची आई गेलीय त्याला तो शब्द उसना देता येत नाही, आणि त्याला सख्खी मावशी असेल तर मुळीच नाही. काकू बरोबर आहे. शेजारच्याही काकूच असतात आणि सख्ख्याही काकूच असतात, त्या शब्दात त्याला हवं तेवढं जवळ किंवा लांब राहता येतं. आई म्हण, असं त्याला घरातल्या कुणीही, कुठल्याही सणाला सांगू नये.

महेश्वरात त्याची आई होती, म्हणून तिथं तुमचं काही चालणं शक्यच नव्हतं. बडोद्याच्या रस्त्यावर तसं नाही. धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल. या वाटेनं तो कधी गेला नसेल तर ही वाट तिघांनाही सारखीच नवी. कुठं थांबायचं ते त्याला ठरवू द्या. त्याला कागदावर गावं आणि अंतरं लिहून काढायला सांगा, चहा कुठं, जेवण कुठं. सहावीतल्या मराठी मुलाला शिवाजीमहाराजांच्या गोष्टी तोंडपाठ असतात, त्याला दाहोदला सांगा की औरंगजेब इथं जन्मला, १६१८ साली. हालोलजवळ पावागडाच्या पायथ्याशी चांपानेर आहे. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. ओसाड मशिदींच्या दगडातलं कोरीवकाम हाताला लागतं, आणि पोरांना चढायला-पळायला जागा भरपूर. तिथं तिघांच्या फोटोचं नाव काढू नका. त्यानं काढलं तर काढा. आणि त्यानं पुन्हा मुद्दाम चुकीचं वळण सांगितलं तर वळा. अर्धा तास जाईल.

तुमच्या माहेरी मात्र आधीच फोन करून ठेवा. 'आला का गं तुझा लेक', 'मामाच्या पाया पड', हे पहिल्या दिवशी नको. त्याचं अंथरूण कुठं, बाथरूम कुठलं, सकाळी चहा की दूध, एवढं त्याला निघण्याआधीच माहीत असू दे. परक्या घरात मूल या तीन गोष्टींनी बुजतं. बडोद्यात राहिलेलं कुणीतरी मोठं माणूस त्याला लक्ष्मी विलास पॅलेस दाखवताना सयाजीरावांची गोष्ट सांगणारच: कवळाण्याचा गोपाळ, १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा १२ वर्षांचा, नवं गाव, नवं नाव, नवी आई. गोष्ट फार सुंदर आहे, सांगू दे. पण 'बघ, तो कसा रमला' हे शेपूट तिला कुणी जोडू नये, ही जबाबदारी तुमची. तो ऐकेल आणि गाडीत मागे बसून स्वतःच काय ते ठरवेल.

इंदूरला परत आल्यावर एक नेम ठेवा. आठवड्यातून एका रात्री बाप-लेक दोघंच सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत. भुट्ट्याचा कीस खातील, थंडीत गराडू खातील, अकरा वाजता घरी येतील. काय बोललात, हे विचारू नका. आपल्याला का नेत नाहीत असं तुम्हाला वाटेल, वाटू द्या. बाप अजून आपला आहे हे त्याला जितकं दिसेल तितकं तुमचं घरातलं असणं त्याला कमी जड जाईल.

तुम्हाला वाईट वाटलं ते मांडूचं हसणं. किल्ली आत, तुम्ही बाहेर, आणि तो पोट धरधरून हसतोय. मला ते वाचून फार बरं वाटलं, ताई. तीन महिने जो मुलगा तुमच्याशी कॅशियरसारखा बोलत होता, तो तुमच्या फजितीवर तुमच्याच समोर मोठ्यांदा हसला. परक्या बाईला मुलं अशी हसत नाहीत. तिच्याशी ती नीट वागतात. पुढच्या वेळी त्याच्याबरोबर हसा, त्याच्याकडे बघून.

आणि जाम घाट. तुमचं पत्र पुन्हा काढून वाचा, तुमच्याच अक्षरात आहे. एरवी अहो, तुम्ही, काकू. घाटात पोटात कळ आली, अंगाला घाम सुटला, तेव्हा त्यानं बापाला हाक मारली नाही. पुढे तुमच्याकडे बघून म्हणाला, 'तुझ्याकडे पिशवी आहे का?' तुम्ही कोरी ओढणी पुढे केलीत, विचारसुद्धा न करता. त्यानंतर तो पुन्हा तुम्हीवर गेला असेल. जाऊ दे. तो एकदा चुकून 'तू' म्हणाला हे त्याला कधीही सांगू नका, यजमानांनाही नको, नाहीतर ते जेवताना कौतुकानं बोलून दाखवतील आणि संपलंच.

ओढणी गरम पाण्यात घालू नका, रंग उतरेल. गार पाण्यात रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा, आणि बडोद्याला तीच घ्या. पर्समध्ये पिशव्या ठेवा, चार-पाच, वरच्या कप्प्यात, हात घातला की मिळतील अशा. दाखवू नका. लागली की तो मागेल.